दुसरा खुंटा

माझा नवरा जीनियस आहे हे मला लग्नानंतर कळलं. आधी कळलं असतं तर वडिलांनी नीट चौकशी केली असती. स्थळ बघताना त्यांनी बाकी सगळं विचारलं होतं. भातशेती किती, जीप स्वतःची की शेठची, दारू पितो का, तंबाखू खातो का. गणित करतो का, असं कोणी विचारत नाही. विचारायला पाहिजे. दारू पिणारा माणूस निदान सकाळी शुद्धीवर येतो.

माझं माहेर शहापूरकडचं, सापगावच्या जवळ. सासर मुरबाड तालुक्यात, म्हसा गावाच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला. दोन्ही एकाच जिल्ह्यात असले तरी शहापूरवाल्यांच्या हाताशी आसनगाव स्टेशन आहे, म्हणून ते मुरबाडकडे जरा वरून बघतात. मुरबाडलाही रेल्वे येणारच आहे. मी शाळेत होते तेव्हाही ती येणारच होती. माझे दोन्ही भाऊ लोकलचे पासवाले, त्यामुळे बहीण जीपवाल्याला दिली याचं त्यांना वाईट वाटायचं आणि भावजयांना त्याहून जास्त. मी शहापूरच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते. त्या डिग्रीचा उपयोग काय, हे सासरी आल्यापासून सासूबाई मला विचारत होत्या आणि मलाही सांगता येत नव्हतं.

यांची जीप मुरबाड ते कल्याण चालते. आमच्याकडे जीप वेळेवर सुटत नाही, भरल्यावर सुटते. गाडीत दोन बायका आणि एक कोंबडी असली तरी स्टँडवर ओरडायचं एकच, ‘एक सीट, कल्याण एकच सीट!’ त्या एका सीटची वाट बघण्यात ड्रायव्हर लोकांचं आयुष्य जातं. बाकीचे ड्रायव्हर तेवढ्यात पत्ते खेळतात, मोबाइल बघतात, एसटीला शिव्या देतात. आमचे हे गणित करायचे.

कागद यांना पुरत नसे. म्हणून हे फ्लेक्सवर लिहायचे. आमच्या भागात पिकतो भात, पण उगवतात फ्लेक्स. कोणाचा वाढदिवस, कोणाची निवड, कोणाच्या निवडीबद्दल कोणाचं अभिनंदन. कार्यक्रम उरकला की फ्लेक्स कोणाच्या तरी गोठ्यावर जातो, आणि त्याची मागची बाजू पांढरीशुभ्र असते. त्या बाजूवर हे मार्करनं लिहीत. पुढून हात जोडलेला नेता, मागून आकडे. पावसाळ्यात तोच फ्लेक्स जीपच्या टपावर बांधायचे, सामान भिजू नये म्हणून.

हे शिकले कुठे, असं लोक विचारतात. कुठेच नाही. बारावीला इंग्रजीत दोनदा आपटले आणि शिक्षण संपलं. मग कल्याणच्या रद्दीवाल्याकडून जाडजाड इंग्रजी पुस्तकं आणली. इंग्रजी येत नसल्यामुळे त्यातली वाक्यं हे रस्त्यातल्या खड्ड्यांसारखी चुकवत जायचे आणि नुसती सूत्रं वाचायचे. पण सूत्रात जे असतं त्याला काहीतरी म्हणावं तर लागतं. म्हणून यांनी आपली नावं ठेवली. आकड्यांचा समूह म्हणजे गोठा. शून्य म्हणजे रिकामी गव्हाण. एकामागून एक येणारे आकडे म्हणजे दावण.

ज्यांच्या घरी जनावरं नाहीत त्यांच्यासाठी सांगते. दावण म्हणजे लांब दोर, त्याची दोन्ही टोकं दोन खुंट्यांना पक्की बांधलेली, आणि मधे ओळीनं फास. एकेका फासाला एकेक जनावर. आमच्या घरची दावण म्हशाच्या जत्रेतून आणलेली होती आणि सासऱ्यांच्या काळात ती पूर्ण भरलेली असायची. आता तिला एक गाय आणि बाकी सगळं गणित बांधलेलं होतं.

एका हिवाळ्यात मुंबईहून गडावर जायला काही लोक आले, यांची जीप ठरवून. शनिवार-रविवारी अशी माणसं आमच्या डोंगरात पुष्कळ येतात. आम्ही ज्या वाटेनं लाकडं आणतो तिथं चालायला ती पैसे भरतात. त्यांच्यात एक गोरा पाहुणा होता, जर्मनीचा, गणिताचा प्राध्यापक. बाकीचे सेल्फी काढत होते आणि हा जीपच्या मागे जाऊन पावसाळ्यापासून टपावरच राहिलेला, खाली लोंबणारा फ्लेक्स मान वाकडी करून वाचत होता. यांना वाटलं, टायर बसला. हे उतरून टायर बघायला गेले. बरोबरच्या मुलींनी मधे पडून दोघांचं बोलणं करून दिलं, आणि संध्याकाळी हे घरी आले ते हातावर ईमेलचा पत्ता लिहून घेऊन. हात दोन दिवस धुतला नाही. जेवले डाव्या हातानं, त्यावरून सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं ते वेगळंच.

अशा रीतीनं माझी डिग्री कामाला आली. यांना इंग्रजी येत नाही, मला गणित येत नाही, आणि आम्ही दोघं मिळून जगाला एक सिद्धांत सांगायला बसलो. यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की कुठलाही आकडा घ्या, यांनी सांगितलेल्या नियमानं त्याच्यापुढे दुसरा, त्याच्यापुढे तिसरा असे बांधत चला. दावण कितीही भरकटली तरी पुढे कुठेतरी ती पुन्हा तीच तीच होऊन येते. हे खरं का, ते यांनी सिद्ध केलं होतं. मी मोबाइलवर एकेक वाक्य इंग्रजीत लिहायची. दावणीला डिक्शनरीत शब्द सापडला नाही, म्हणून ‘एकामागून एक दोराला बांधलेले आकडे’ असं लिहिलं. प्राध्यापकांचं उत्तर आलं, याला आम्ही सीक्वेन्स म्हणतो.

‘दावणीला ते सीक्वेन्स म्हणतात,’ मी यांना सांगितलं.

‘म्हणू दे,’ हे म्हणाले. आपल्या गाईला दुसऱ्यानं दुसऱ्या नावानं हाक मारावी तसं. तो विषय तिथेच संपला आणि आम्ही पुढच्या ओळीवर गेलो.

पुढे पत्रं वाढत गेली आणि शेवटी बोलावणं आलं. वर्षभर तिकडे या, आमच्याबरोबर काम करा, राहणं-खाणं आमचं. त्याआधी एकदा तिथल्या चारदोन प्राध्यापकांना हा सिद्धांत मोबाइलवरून तोंडी समजावून सांगा, म्हणजे पुढचं पक्कं करू.

गावाला ‘पक्कं करू’ ऐकू आलं नाही. तिसऱ्या दिवशी स्टँडवर फ्लेक्स लागला, ‘मुरबाडची शान’. त्यावर हे पासपोर्ट फोटोएवढे आणि शुभेच्छुक घरच्या कॅलेंडरएवढे. सासूबाईंना मी सांगितलं, जर्मनीला बोलावलंय. त्यांनी चुलीवरच्या टोपाकडे बघितलं. आमच्याकडे ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात.

‘टोप बनवायला?’ त्यांनी विचारलं. ‘येवढ्या लांब? कल्याणात नाय का बनत?’

यांची ऐट तर बघायची. खिशाला दोन पेनं लागली. जीपमधे कोणी ‘जरा लवकर घ्या’ म्हटलं की हे म्हणायचे, ‘घेतो, आता थोडेच दिवस हाय मी.’ हॉर्न वाजवणं सोडलं, कारण म्हणे तिकडे वाजवत नाहीत. म्हशी रस्त्यात उभ्या आणि हे मागे शांतपणे गाडी बंद करून बसलेत, जर्मनीची प्रॅक्टिस.

मी हसत होते. पण मला हे जायला नको होते, हेही सांगून टाकते. बोलावणं एकट्याला होतं. मी विचारलं, बोलायचं कसं? तर प्राध्यापकांनी कळवलं होतं की तिकडे एक बाई आहेत, पुण्याच्या, त्यांना मराठी आणि जर्मन दोन्ही उत्तम येतं, त्या दुभाषी म्हणून मिळतील. ते वाक्य मीच वाचलं, मीच मराठी केलं आणि मीच यांना ऐकवलं. यांच्या तोंडचा शब्द आजवर माझ्यामधून जगात जात होता. आता त्याला चांगला रस्ता मिळणार होता. हे मात्र फ्लेक्सवर मांडी घालून असे लिहीत बसले होते, जसे काही याच एका गोष्टीसाठी जन्माला आलेत. आणि खरंच तसं होतं, तेच तर वाईट.

त्या तोंडी समजावण्याचा दिवस आला. घरात पत्रापुरती रेंज येते, तोंडं दिसण्यापुरती नाही, म्हणून सरपंचांनी ग्रामपंचायतीच्या ऑफिसातलं वायफाय दिलं, आणि वायफायबरोबर स्वतः येऊन पहिल्या खुर्चीत बसले. मागे सतरंजीवर गाव. सासूबाई नवीन लुगडं नेसून. तिकडे सकाळ होती, आमच्याकडे दुपार. मोबाइल टेबलावर तांब्याला टेकवून उभा केला होता. भिंतीला फ्लेक्स उलटा बांधला होता, म्हणजे नेत्याचं तोंड भिंतीकडे, हेही सरपंचांना फारसं आवडलं नव्हतं. हे बोलायचे, मी इंग्रजी करायची, ते मान हलवायचे, आणि त्यांनी मान हलवली की गाव हलवायचं.

सगळं छान चाललं होतं. मग मुख्य जागा आली. हे म्हणाले, आता शेवटच्या आकड्यापासून मागं यायचं. दावण सोडताना जसं पलीकडच्या टोकापासून एकेक जनावर सोडत येतो तसं. मी तसं सांगितलं. तिकडे आखूड केसांच्या एक म्हाताऱ्या बाई होत्या, त्यांनी हात वर केला आणि विचारलं, शेवटचा आकडा कुठे आहे?

‘शेवटचा कुठं हाय, विचारतात,’ मी यांना म्हटलं.

यांना त्या बाईंची कीव आली. ‘कुठं म्हंजे? दुसऱ्या खुंट्याजवळ.’

मी इंग्रजी करायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. खुंटा. मी यांच्या दावणीचा दोर त्यांना सांगितला होता, पण खुंटे कधी पत्रात आलेच नव्हते. दावण म्हटलं की खुंटे आलेच, ते वेगळे कोण सांगतं? आणि त्यांचं ते सीक्वेन्स नुसतं पुढे पुढे जात राहणारं. यांनी सगळी सिद्धता ज्याला पाठ टेकवून उभी केली होती तो दुसरा खुंटा तिथे नव्हताच.

गाव माझ्याकडे बघत होतं. मला काहीतरी गुळमुळीत बोलता आलं असतं. सून झाल्यापासून मी तेच करत आलेय. सासूबाईंचं यांना आणि यांचं सासूबाईंना सांगताना मी काटे काढूनच सांगते, नाहीतर या घराच्या कधीच वाटण्या झाल्या असत्या. पण काटा काढला तरी मासा मासाच राहतो. इथं काटा काढला असता तर पुढे जर्मनीत, भर वर्गात, त्या पुण्याच्या बाईंच्या शेजारी यांच्या गळ्यात अडकला असता.

‘अवो,’ मी हळू म्हटलं, ‘त्यांच्या दावणीला दुसरा खुंटा नसतो.’

‘मग दोर संपतो कुठं?’

‘संपतच नाय.’

हे वळून फ्लेक्सकडे बघत राहिले. मग मार्करचं टोपण लावलं. मी तिकडे इंग्रजीत सांगितलं की यांनी दोर दोन्ही बाजूंनी बांधला होता. म्हाताऱ्या बाईंनी चष्मा काढला आणि फार मायेनं म्हणाल्या, दोन्हीकडे बांधलेल्या दोरासाठी हे अगदी बरोबर आहे. फक्त तेवढं आम्हाला आधीपासून माहीत आहे. मी हेही मराठी केलं. शब्दाला शब्द.

बोलणं थांबलेलं बघून सरपंचांना वाटलं कार्यक्रम संपला. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्या गावानं वाजवल्या. कोणीतरी पेढ्यांचा खोका उघडला.

यांचं जाणं अडलं हे कळल्यावर त्याचं कारण गावानं दोन दिवसांत शोधून काढलं. रेंज. ऐन वेळी रेंज गेली, म्हणून जर्मनीवाल्यांना उत्तर ऐकू आलं नाही. आमच्याकडे मोबाइल आल्यापासून कोणाचंच काही चुकत नाही. माझ्या थोरल्या भावाचा फोन आला, ‘मी म्हटलंच होतं.’ काय म्हटलं होतं ते त्याला आठवेना. सासूबाई मात्र सरळ बोलल्या.

‘तुला बोलायची काय गरज व्हती? नवऱ्याचं झाकायचं असतं.’

हे माझ्याशी बोलत नव्हते. जीप नेत होते, आणत होते, हॉर्न वाजवत होते. प्राध्यापकांचं पत्र आलं की बोलावणं रद्द नाही, पण सिद्धता पूर्ण झाल्यावर बघू. ‘बघू’ला आमच्याकडे काय अर्थ असतो ते रेल्वेची वाट बघणाऱ्यांना सांगायला नको. शेवटी एकदा म्हशाहून येताना, गाडीत दुसरं कोणी नव्हतं, तेव्हा यांनी विचारलं.

‘मी जाऊ नये म्हणून सांगितलंस का गो?’

‘तुमी गेला नाय याचा मला आनंद हाय,’ मी म्हटलं. ‘खोटं कशाला बोलू. पण त्यासाठी नाय सांगितलं. खुंटा नव्हता म्हणून सांगितलं.’

यांनी गाडी थांबवून मला उसाचा रस पाजला, आणि माझ्या ग्लासातला बर्फ काढायला सांगितला, कारण माझे दात दुखतात हे यांना ठाऊक होतं.

पुढचा पाऊस गेला. बाजाराच्या दिवशी स्टँडवर जीप शिगोशीग भरली होती आणि मी पुढे यांच्याजवळ बसले होते. तेवढ्यात एक कातकरी बाई काकड्यांची पाटी घेऊन आली. हे ओरडले, ‘बसा, एक सीट हाय!’ मागे शिव्या सुरू झाल्या. हे म्हणाले, ‘सरका, जरा जरा सरका सगळी.’ पहिला दुसऱ्याच्या जागी, दुसरा तिसऱ्याच्या, तिसरा जवळजवळ खिडकीबाहेर, आणि बाई बसली. हे स्टिअरिंगवर हात ठेवून आरशात मागची दाटी बघत बसले. मग एकटेच हसायला लागले. मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला.

‘या गाडीत शेवटचा मानूस कधी बघितलास?’ यांनी मला विचारलं.

‘कधीच नाय. अजून एक येतोच.’

‘तेच तर.’

त्या दिवशी जीप कल्याणला गेली नाही. लोकांना उतरवून दिलं. पाटीवाल्या बाईनं यांना जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. घरी येऊन यांनी ‘मुरबाडची शान’ गोठ्यावरून उतरवला, स्वतःचं तोंड जमिनीकडे करून अंगणात पसरला आणि मागच्या बाजूला लिहायला बसले. आता शेवटापासून मागं यायचंच नव्हतं. सगळी दावण एकदम एका जागेनं सरकवायची आणि सरकलेली दावण पहिल्या दावणीशेजारी धरून बघायची, असं काहीतरी होतं. शेतातली कापणी झाली, झोडणी झाली, ती सासूबाईंनी आणि मी केली. हे फ्लेक्सवरून उठले तेव्हा उठून सरळ उभं राहता येईना.

मग पुन्हा इंग्रजी. या वेळी मी एकही शब्द सोडला नाही. ‘सरकणं’ म्हणजे किती जागा? सगळे एकदम की एकामागून एक? याला टोक आहे का? इथं तुमच्या मनात खुंटा आहे का? जीपला दार असतं, यात दार आहे का? हे चिडायचे, ‘तू मास्तरीण कधी झालीस?’ मी म्हणायची, झाले, तुमीच केलंत. दोन वेळा भांडण होऊन मी मोबाइल फेकला. एका जागी मी विचारलेल्या प्रश्नावर हे दोन दिवस अडले आणि ती ओळ त्यांनी बदलली. यांना जगात पहिल्यांदाच कोणीतरी टोकलं होतं आणि ते मी, जिला बेरजा बोटांवर कराव्या लागतात. सगळं लिहून झालं तेव्हा गणित बरोबर आहे की नाही हे मला सांगता येत नव्हतं. शब्द मात्र सगळे पक्के होते. ते असे पक्के झाले तर पुढे काय होणार, हे काही मला कळत नव्हतं असं नाही. मी बटण दाबलं.

उत्तर यायला फार वेळ लागला. सासूबाई म्हणाल्या, रेंज नसंल.

ते आलं रविवारी सकाळी. हे अंगणात जीप धूत होते. मी पायरीवर बसून पत्र वाचलं. आखूड केसांच्या बाईंनीच लिहिलं होतं, आणि लांबलचक. आम्ही तिघांनी वेगवेगळं तपासलं, असं होतं. एकही ओळ पडत नाही, असं होतं. भाषा इतकी स्वच्छ आहे की आम्हाला कुठे अडखळायला झालं नाही, असंही होतं. मी ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं. हे टायरवर पाणी मारत होते, सासूबाई तांदूळ पाखडत होत्या, आणि हे जाणार आहेत ही गोष्ट त्या घरात तेवढा वेळ फक्त मला माहीत होती.

यांनी माझ्याकडे बघितलं आणि पाण्याची नळी खाली ठेवली.

‘काय म्हणतात?’

‘बरोबर हाय म्हणतात.’

यांनी ओल्या हातानंच तोंड पुसलं. पाणी जीपखालून वाहत पार दारापर्यंत आलं.

‘अजून काय म्हणतात?’

‘या म्हणतात,’ मी म्हटलं.